कटिंगच्या आधीची आंघोळ

कटिंगला जाण्याआधी डोकं धुवावं का?

प्रश्न इतका किरकोळ आहे की तो कुणी कुणाला विचारत नाही. कटिंग आणि आंघोळ यांचं आपल्याकडे पक्कं नातं आहे, पण त्यांचा क्रम ठरलेला आहे. आधी कटिंग, मग आंघोळ. रविवारी सकाळी परभणीत, सेलूत, जिंतूरला, कुठल्याही सलूनच्या बाकावर बसलेली माणसं बघा. बहुतेक जण पारोसे असतात. डोक्याला आदल्या दिवसाचं तेल, त्यावर हेल्मेटचा घाम, कुणाच्या केसांत परवाच्या लग्नातलं जेल अजून कडक झालेलं. ‘आल्यावर आंघोळ करायचीच आहे, मग आधी कशाला?’ असा सगळ्यांचा हिशोब असतो.

पाणी आणि वेळ यांच्या बाजूनं हा हिशोब बरोबर आहे. फक्त त्यात सलूनवाला कुठेच धरलेला नाही. पुढची वीस-पंचवीस मिनिटं ज्याची बोटं आपल्या डोक्यात असणार आहेत, त्याला हे डोकं कसं लागणार, हा विचार या हिशोबात येत नाही. म्हणून हा प्रश्न मला केसांचा वाटत नाही. जो माणूस पैसे घेऊन आपल्या अंगाला हात लावणार आहे, त्याच्यासमोर कसं जायचं याचं आपल्यावर काही बंधन आहे का? की पैसे मोजले म्हणजे सगळं आलं?

मला वाटतं, बंधन आहे. पण ते मान्य करताना एका ठिकाणी फार जपून पाऊल टाकावं लागतं. त्या ठिकाणी मी पुढे येणारच आहे. आधी नंतरच्या आंघोळीबद्दल बोलू, कारण ती आपल्याला नीट माहीत आहे.

माझ्या लहानपणी आमच्या घरी कटिंग करून आलेल्या माणसाला ओसरीच्या पुढे यायची परवानगी नसायची. न्हाणीत पाणी काढून ठेवलेलं असायचं. कपडे तिथंच टाकायचे, आंघोळ करायची आणि मगच माठाला, अंथरुणाला, देवघराला हात लावायचा. कारण विचारलं की आजी सांगायची, “अंगावर केस असतात, भाकरीत पडतात.” कारण खरंच होतं. पण केस झटकून, मान धुऊन, शर्ट बदलून आलं तरी तिचं समाधान होत नसे. डोक्यावरून पाणी घेतलंच पाहिजे. शेतातून चिखलानं भरून आलेल्या माणसाला मात्र हातपाय धुतले की पुरायचं. म्हणजे केसांच्या तुकड्यांशिवाय आणखी काहीतरी धुवायचं होतं.

ते काय, हे आपल्या गावांच्या जुन्या रचनेत सापडतं. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ या पुस्तकात बलुतेदारीची जी व्यवस्था मांडली, तिच्यात न्हावी बारा बलुतेदारांपैकी एक. वर्षभर गावाची हजामत करायची आणि सुगीला खळ्यावरून धान्याचं बलुतं न्यायचं. बाळाचं जावळ काढायला तो लागे, लग्नात तो लागे, घरात कुणी गेलं की मुंडनालाही तोच लागे. जन्मापासून मरणापर्यंत त्याच्यावाचून कुणाचं काही अडल्याशिवाय राहत नसे. आणि तरीही त्याचा हात लागला की आंघोळ. केस आणि नखं अंगावर असेपर्यंत आपली, अंगावेगळी झाली की मळ. आणि तो मळ ज्याच्या हाताला लागतो, तो माणूसही त्यातलाच, अशी ही समजूत.

संत सेना न्हाव्याची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी कीर्तनात ऐकलेली असते. सेना पूजेत गुंतले होते, राजवाड्यातून बोलावणं आलं, ते गेले नाहीत. तेव्हा खुद्द देवच त्यांचं रूप घेऊन, धोकटी काखेत मारून, राजाची हजामत करायला गेला. तेलाच्या वाटीत राजाला देवाचं रूप दिसलं. गोष्टीचा अर्थ भक्तीचा आहे, पण तिच्यात कामाबद्दलही काही आहे. देवाला हे काम कमी प्रतीचं वाटलं नाही. ज्या हातांनंतर लोक आंघोळ करत, त्या हातांच्या जागी गोष्ट सांगणाऱ्यांनी देवाचे हात ठेवले.

तरी आंघोळीचा क्रम बदलला नाही. कटिंगनंतरच्या आंघोळीला नियम आहे, कारण आहे, आजीचा धाक आहे. कटिंगच्या आधीच्या आंघोळीला यातलं काहीच नाही. उलट अनेक घरांत पूर्वी ‘हजामत पारोशानंच करायची’ असं सरळ सांगत. दिवसाची आंघोळ न्हाव्याच्या हातांवर वाया कशाला घालवायची? म्हणजे त्याचा मळ आपल्याला लागतो हे आपण शेकडो वर्षं मोजत आलो. आपला मळ त्याला लागतो, हे मोजायचं राहूनच गेलं.

आता त्याच्या बाजूनं बघू.

तेलकट केस कात्रीत सरकतात. एकमेकांना चिकटून त्यांच्या बटा होतात आणि प्रत्येक बट सारख्या लांबीची कापली गेली की नाही, हे पटकन कळत नाही. मशीनच्या पात्यांत तेल आणि केसांचा भुगा मिळून लगदा बसतो, तो मधूनमधून ब्रशनं काढावा लागतो. धूळ असेल तर तिचे कण पात्याची धार खातात. जेल किंवा वॅक्स लावलेलं असेल तर केस मुळात कुठल्या दिशेला वळतात, भोवरा कुठे आहे, हे दिसत नाही. मग सलूनवाला अंदाजानं कापतो, आपण घरी येऊन डोकं धुतो आणि मागची बट उभी राहते. शिव्या त्यालाच बसतात. तेल फार असेल तर तो पाण्याचा फवारा मारून मारून केस ओले करतो. ओला केस ताणला की लांबतो आणि वाळला की पुन्हा आखडतो, त्यामुळे ओल्यात बरोबर वाटलेली कटिंग वाळल्यावर तोकडी वाटू शकते. म्हणजे धुतलेलं, वाळलेलं, विंचरलेलं डोकं घेऊन जाण्यात आपलाही फायदा आहेच.

पण फायद्याचं सोडा. त्याच्या हातांचं बघा. कापलेल्या केसाचं टोक सुईसारखं असतं. वर्षानुवर्षं हे काम करणाऱ्यांच्या बोटांच्या बेचक्यात असे बारीक तुकडे रुततात, कातडीच्या आत शिरतात, तिथे जखम होते, पू होतो. हा न्हाव्यांना होणारा आजार म्हणून वैद्यकशास्त्रात नोंदलेला आहे. कधीकधी छोटं ऑपरेशन करावं लागतं. दिवसभर पाणी आणि फेस यांनी हात ओले, त्यात दहा-बारा तास उभं राहणं. गिऱ्हाइकाच्या डोक्यात नायटा असेल, तर तो हातावाटे, कंगव्यावाटे पुढे जाऊ शकतो. त्याला तो केस बाजूला सारल्यावरच दिसतो आणि तोवर हात लागलेला असतो.

दाढी करताना आपण सगळे एक गोष्ट न चुकता बघतो: ब्लेड नवं लावलं का? ते बघायलाच हवं. जुन्या ब्लेडवरून रक्तातले आजार पसरू शकतात, हे आपल्याला शाळेपासून सांगितलेलं आहे. तो अर्धं ब्लेड आपल्यासमोर कागदातून काढतो, आपण मान हलवतो. पण आपल्या मानेवर पुळी आहे, कानामागे खरूज आहे, डोक्यात जुन्या टाक्यांचा व्रण आहे, हे आपण होऊन सांगणारे किती? ब्लेडची चौकशी एकाच बाजूनं होते. त्याच्यापासून आपल्याला काय लागेल याची काळजी आपण घेतो. आपल्यापासून त्याला काय लागेल, ही त्याची काळजी.

कोरोनाच्या वर्षात हे सगळ्यांनी पाहिलं. महाराष्ट्रात तीन महिने सलून बंद होती. २८ जून २०२० पासून ती उघडायला परवानगी मिळाली, तीही आधी फक्त केसांच्या कामाला, दाढीला नाही. सलूनवाल्यानं हातमोजे घालायचे, एप्रन घालायचा, प्रत्येक गिऱ्हाइकानंतर खुर्ची निर्जंतुक करायची, टॉवेल पुन्हा वापरायचा नाही. मास्क दोघांनाही होता. बाकी नियमांचा सगळा भार त्याच्यावर होता. साथीच्या काळात ते रास्तही असेल, कारण दिवसाला अनेक डोकी त्याच्याच हाताखालून जाणार होती. पण स्पर्शाच्या दोन टोकांना दोन माणसं आहेत आणि धोका दोघांनाही आहे, हे त्या काही महिन्यांत जितकं उघड दिसलं तितकं आधी कधी दिसलं नव्हतं. दाराशी सॅनिटायझरची बाटली होती आणि आत जाण्याआधी गिऱ्हाईकसुद्धा हात पुढे करत होतं. साथ ओसरली, बाटली गेली, आणि आपण पुन्हा पारोसे जायला लागलो.

यावर नेहमीचं उत्तर तयार असतं. “तो पैसे घेतो ना? त्याचं कामच आहे ते.”

हे उत्तर तपासून बघण्यासारखं आहे. आपण पैसे नेमके कशाचे देतो? केस कापण्याचे. आपला आठवड्याचा घाम सहन करण्याचे वेगळे पैसे दरपत्रकावर नसतात. भांडी घासायला येणाऱ्या मावशींचं कामच भांडी घासणं आहे. तरीही खरकटं काढून, ताटात पाणी सोडून भांडी ठेवणारी घरं असतात आणि भात वाळून सिमेंटसारखा झालेलं पातेलं तसंच पुढे सरकवणारी घरंही असतात. दोन्हीकडे पगार एकच. मावशींना विचारा, फरक पडतो का.

सॉफ्टवेअरच्या कामात आम्ही रोज हेच करतो. लिहिलेला कोड दुसऱ्या कुणाला तरी तपासायला पाठवायचा असतो. पाठवण्याआधी तो स्वतः एकदा वाचायचा, चाचण्या चालवून बघायच्या, फालतू ओळी काढून टाकायच्या, अशी रीत आहे. ‘तपासणं हे त्याचं कामच आहे’ असं म्हणून वाटेल तसा कोड पुढे ढकलणाऱ्याला कुणी काढून टाकत नाही; पण त्याचा कोड तपासायला कुणी उत्सुक नसतं. मात्र आमच्यात आणि सलूनमध्ये एक मोठा फरक आहे. कोड तपासणारा ‘हे आधी नीट करून आण’ असं लिहून परत पाठवू शकतो. सलूनवाला आपलं डोकं परत पाठवू शकत नाही. पाठवलं तर आपण चार पावलांवरच्या दुसऱ्या दुकानात जातो. म्हणून तो काही बोलत नाही, फवारा उचलतो. त्याच्या या गप्प बसण्याला आपण ‘त्याला चालतं’ असं समजतो. ज्याला नाही म्हणायची सोय नाही, त्याच्या होकाराची किंमत किती धरायची? माझं म्हणणं इतकंच, की जिथे समोरचा माणूस मागू शकत नाही, तिथे देण्याची जबाबदारी जास्त आपल्याकडे येते.

इथपर्यंत वाचून, ‘बरोबर आहे, लोकांनी स्वच्छच यायला पाहिजे’ असं तुम्हाला वाटलं असेल, तर जपून पाऊल टाकायची जागा आली आहे.

ऑक्टोबरमध्ये परभणी जिल्ह्यात सोयाबीनची काढणी चालू असते. मळणीयंत्राच्या तोंडाशी दिवसभर उभं राहिलेल्या माणसाचं डोकं बघा. भुसकट, धूळ, घाम यांचा थर केसांत बसलेला असतो. बाजाराच्या दिवशी तो संध्याकाळी तसाच गावात येतो, मजुरीचे पैसे घेतो, मीठमिरची घेतो आणि वाटेत सलूनच्या खुर्चीत बसतो. त्याला धुऊन ये म्हणायचं का? कुठे धुवायचं? आमच्या भागात अनेक घरांत नळ दिवसाआड नाही, बऱ्याच दिवसांआड येतो. उन्हाळ्यात तर जिल्ह्यात येलदरीसारखं मोठं धरण असूनही कित्येक गावं टँकरची वाट बघतात. भरलेल्या पाण्यातून आधी पिण्याचं, मग स्वयंपाकाचं, मग जनावरांचं, मग लहान पोरांच्या आंघोळीचं. त्यानंतर जे उरेल त्यातून दोनदा डोकं धुवायचं, एकदा कटिंगच्या आधी आणि एकदा नंतर, हे ऐकायलाही विचित्र वाटेल. एकाच आंघोळीचं पाणी असेल तर माणूस ती नंतरच करणार; मानेवरचे केस टोचतात.

आपल्याच जिल्ह्यातलं गंगाखेड हे संत जनाबाईंचं जन्मगाव. नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबलेली ही बाई. तिच्या नावावरच्या एका प्रसिद्ध अभंगात ती केस मोकळे करून बसली आहे आणि प्रत्यक्ष विठ्ठल तिचं डोकं चोळून तिला न्हाऊ घालतो आहे. देव हे का करतो, याचं कारणही अभंगातच आहे: तिचं असं दुसरं कुणी नाही. लहानपणी मला हा अभंग गमतीचा वाटायचा. आता वाटतं, डोकं स्वच्छ असायला काय काय लागतं याचा इतका खरा हिशोब क्वचितच कुणी मांडला असेल. पाणी लागतं, मोकळा वेळ लागतो, कधी पाठीमागून पाणी ओतणारं माणूस लागतं. दिवसभर दुसऱ्याच्या घरी दळणकांडण करणाऱ्याकडे यातलं काय असणार? पारोसं राहणं हा दर वेळी आळस नसतो.

यापुढचा धोका जास्त मोठा आहे. ‘स्वच्छ असाल तर या’ हे वाक्य आपल्या समाजात साधेपणानं कधीच वापरलं गेलेलं नाही. अनेक गावांतल्या सलूनमध्ये दलितांची कटिंग होत नसे. माणसं एकमेकांची कटिंग करायची किंवा तालुक्याच्या गावी जायची, जिथे जात कुणी ओळखत नाही. हा काही फार जुना इतिहास नाही. आणि यातली विसंगती बघा. ज्याच्या स्पर्शानंतर गाव आंघोळ करत असे, त्याच न्हाव्यावर गावाचा दाब असे की अमक्या वस्तीतल्या डोक्याला हात लावायचा नाही, लावलास तर आम्ही येणार नाही. कारण म्हणून पुढे केली जायची ती स्वच्छता. आणि ती कितीही साबण वापरून पूर्ण होणारी नव्हती.

संविधान सभेत नोव्हेंबर १९४८ मध्ये, आज आपण ज्याला अनुच्छेद १५ म्हणतो त्याच्या मसुद्यावर चर्चा झाली. दुकानं, हॉटेलं, विहिरी, तळी सगळ्यांना खुली असतील, असं सांगणारं ते कलम. त्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी ‘दुकान’ या शब्दाचा अर्थ स्पष्ट केला. आशय असा होता: इथे दुकान म्हणजे नुसती आत पाऊल टाकायची मुभा नव्हे; सेवेच्या अटी मान्य असतील तर ती सेवाही मिळाली पाहिजे. पुढे १९५५ च्या कायद्यानं अस्पृश्यतेच्या कारणावरून सेवा नाकारणं हा गुन्हा ठरवला. आज तो कायदा नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणून ओळखला जातो.

‘अटी मान्य असतील तर’ हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात. म्हणजे अटी असू शकतात. पैसे आधी द्या, रांगेत बसा, डोक्यात उवा असतील तर आधी औषध लावा, ही अट घालण्याचा सलूनवाल्याला अधिकार आहे. मग अट आणि बहिष्कार यांत फरक कुठे करायचा? मला तो असा दिसतो. अट केसांबद्दल असते, बहिष्कार माणसाबद्दल. अट पुरी केली की संपते. बहिष्कार काहीही केलं तरी संपत नाही. अट तालुक्याच्या साहेबाला आणि सोयाबीनच्या मजुराला सारखीच लागू असते. आणि खरी अट घालणारा माणूस ती पुरी करायची वाटही दाखवतो: दुकानातल्या बेसिनकडे बोट करतो, पाण्याचा मग पुढे करतो. ज्या दुकानात ‘धुऊन या’ म्हणतात पण धुवायला पाणी देत नाहीत, आणि हे फक्त काही जणांनाच म्हणतात, तिथे अटीचा फक्त मुखवटा असतो.

नकाराचा आणखी एक प्रकार आपल्याच इतिहासात आहे. १८९० साली मुंबईत, कामगार चळवळीचे आद्य पुढारी आणि ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हाव्यांची सभा भरली. विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही, असं त्या सभेत ठरलं. विधवा झालेल्या बाईला न्हाव्यापुढे बसवलं जायचं, तेव्हा तिच्या केसांबद्दल तिला कुणी विचारत नसे. वस्तरा ज्याच्या हातात होता, त्यालाही विचारत नसत. त्यानं तरीही नाही म्हटलं. हा नकार माणसाला नव्हता, कामाला होता. समोर बसलेल्या बाईला तो नाकारत नव्हता. तिच्याविरुद्ध वापरलं जाणारं हत्यार व्हायला नाकारत होता. हा माणूस नुसता ‘हात’ नाही, त्याला मत आहे, नको म्हणण्याचा हक्क आहे, हे त्या ठरावात दिसतं. आणि ज्याला मत आहे असं आपण मानतो, त्याच्यासमोर जाताना आपण आपोआप थोडे आवरून जातो.

या सगळ्यातून माझ्यापुरतं जे ठरतं ते असं. स्वच्छ जाणं हे आपलं देणं आहे, पण ते ज्याचं त्यानं आपल्या नळाकडे बघून मोजायचं. ज्याच्या घरी चोवीस तास पाणी आहे, गीझर आहे, शांपूच्या तीन बाटल्या आहेत, त्यानं पारोसं जाऊन ‘त्याचं कामच आहे’ म्हणणं हा उर्मटपणा आहे, मग तो कितीही गोड बोलत असो. ज्याच्याकडे दोन कळशा पाणी आहे, त्याच्यावर हे देणं जवळजवळ नाहीच. तिथे दुकानातला एक मग पाणी जास्त उपयोगाचा. आणि हे देणं स्वतःकडून वसूल करायचं असतं, शेजारी बाकावर बसलेल्याकडून नाही. ज्या क्षणी मी त्याच्या केसांकडे बघून नाक मुरडतो, त्या क्षणी मी धुतलेलं डोकं घेऊन जुन्या गावगाड्यातच जाऊन बसलेला असतो.

अस्वच्छता आणि आजार यांची गल्लतही करू नये. कोंडा असला म्हणजे माणूस घाणेरडा, असं नाही. जवळपास प्रत्येकाच्या टाळूवर असणाऱ्या एका बुरशीशी त्याचा संबंध आहे, आणि रोज डोकं धुणाऱ्यालाही तो होतो. सोरायसिस लागट नाही. नायटा लागट आहे, पण औषधानं बरा होतो. यात लाजण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं मात्र आहे. “दादा, डोक्यात असं असं आहे, बघून घ्या,” एवढं एक वाक्य त्याला मोठा आधार असतं. मग तो कंगवा वेगळा काढतो, मशीन नंतर नीट पुसतो, किंवा ‘आठ दिवसांनी या’ म्हणतो. असं तो म्हणाला तर वाईट वाटून घेऊ नये. नकाराची सोय त्याला दिली, त्याचाच तो अर्थ.

बाकी तयारी अगदी साधी आहे. आदल्या संध्याकाळी किंवा सकाळी डोकं धुवायचं आणि त्यानंतर तेल लावायचं नाही. जेल, वॅक्स नको. केस वाळू द्यायचे, गुंता असेल तर सोडवायचा, आणि रोज जसा भांग पाडतो तसाच पाडून जायचं, म्हणजे त्याला केसांची खरी चाल दिसते. सलूनमध्येच डोकं धुऊन देत असतील तर घरी धुवायची गरज नाही. मात्र त्या धुण्याचेही पैसे द्यायचे. चंपी करून घ्यायची असेल तर ती कटिंगनंतर. पाणीच नसेल तर निदान ओल्या फडक्यानं मान आणि कानामागचा भाग पुसून, केसांतली धूळ झटकून, कंगवा फिरवून जायचं. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या मानेकडे जवळून बघितलं आहे, त्याला ती पुसलेली मान दिसते.

आणि नंतरची आंघोळ? ती करायचीच. मानेवर केस टोचतात, शर्टात शिरतात, आजी म्हणायची तसे भाकरीत पडतात. फक्त आधीही एक आंघोळ झालेली असेल, तर नंतरच्या आंघोळीत धुवायला केसांच्या तुकड्यांशिवाय दुसरं काही उरत नाही.